दोन किलोवॅटचं सोलर, एक वर्ष, आणि खांबापासूनची चाळीस मीटर वायर

२० नोव्हेंबर २०२४ ला आमच्या घरचं सोलर सुरू झालं. आता वर्ष उलटून गेलं. त्या दिवसापासून मी माझ्या मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर रोजचे युनिट लिहीत आले आहे. त्यामुळे पुढचे आकडे आठवणीतले नाहीत, वहीतले आहेत. गावातले लोक येऊन विचारतात, नातेवाईक फोनवर विचारतात, आणि दरवेळी मी अर्धंच सांगते, कारण सगळं सांगायला वेळ लागतो. म्हणून एकदा बसून नीट लिहिते.

गाव राळेगाव तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. घर स्लॅबचं. घरात मामाजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आम्ही दोघं आणि दहावीतला मुलगा. वावर सहा एकर, कापूस आणि तूर. मी घरी ब्लाऊज शिवते, मशीन मोटरवर चालतं. फ्रिज, टीव्ही, बोअरची एक एचपीची मोटर, पंखे आणि दोन कुलर.

कुलरपाशीच सगळी गोष्ट सुरू होते. होळी झाली की ताट्या बदलून कुलर खिडकीत बसतो, तो मृगाचा पाऊस चांगला पडेपर्यंत निघत नाही. एप्रिल-मे मध्ये रात्रीसुद्धा बंद करता येत नाही. मामाजींना दम्याचा त्रास आहे, त्यांच्या खोलीतला तर चोवीस तास चालतो. हिवाळ्यात आमचा वापर महिन्याला १३० युनिट, बिल बाराशेच्या आसपास. मे २०२४ मध्ये ३७२ युनिट झाले आणि बिल आलं ४,८०० रुपये. युनिट तिपटीपेक्षा कमी वाढले, बिल चौपट झालं. कारण पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, शंभरच्या पुढे तो जवळपास दुप्पट होतो आणि तीनशेच्या पुढे त्याहून चढा. त्या महिन्यात शिलाईची सगळी कमाई लाईटच्या बिलात गेली. त्याच रात्री मी यांना म्हटलं, सोलरचं पाहूया.

केंद्र सरकारची पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये सबसिडी, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, आणि त्याच्या पुढे कितीही मोठं लावा, ७८,००० च्या वर नाही. पॅनल भारतातच बनवलेल्या सेलचे असावे लागतात. घरी आलेला विक्रेता तीन किलोवॅटच घ्या म्हणून बसला. सगळे तीनच घेतात, पुढं एसी घ्याल, मुलाचं लग्न होईल, असं त्याचं चाललं होतं. मी त्याच्यासमोर बारा महिन्यांची बिलं मांडली. बेरीज आली २,५७२ युनिट. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे दोन किलोवॅटचे वर्षाला २,९०० च्या आसपास होतात. मग तिसरं कशाला? जास्तीची वीज कमी भावात जाते, ते कसं ते मी पुढे सांगते, त्यावरून कळेल की गरजेपेक्षा मोठं लावण्यात घरच्या माणसाचा फायदा नाही. ज्याला ते विकायचं आहे त्याचा आहे.

शेवटी ५४० वॅटचे चार पॅनल आणि दोन किलोवॅटचा इन्व्हर्टर ठरला. किंमत १,३२,०००, आणि सांगाडा उंच करण्याचे ८,००० वेगळे. हे वेगळे आठ हजार आत्याबाईंमुळे गेले आणि ते सगळ्यात चांगले गेले. पॅनल स्लॅबला लागून दीड फुटावर बसवायचं ठरत होतं. आत्याबाई जिना चढून वर आल्या, खडूनं आखलेली जागा पाहिली आणि म्हणाल्या, "मंग माह्या कुरोड्या कुठं वाळू घालू मी? मुंगवड्या, सरगुंडे, मिरच्या? अन् उन्हाळ्यात बाजा कुठं टाकता?" विक्रेत्याला हे कामाचं बोलणं वाटलं नाही, पण आमच्याकडे स्लॅब म्हणजे उन्हाळ्यातली एक अख्खी खोली आहे. वाळवण तिथं, झोपणं तिथं. सांगाडा आठ फूट उंच केला. आता खालून माणूस सरळ उभा जातो, दक्षिणेकडच्या मोकळ्या अर्ध्या भागात वाळवण होतं, आणि पॅनलखाली आत्याबाई वाळवणाची राखण करत सावलीत बसतात.

जागेचीही एक गोष्ट झाली. मोजमाप ऑक्टोबरात झालं. टाकी आमच्या स्लॅबच्या दक्षिण कोपऱ्यात आहे आणि ऑक्टोबरात तिची सावली आखूड होती, म्हणून त्यांनी टाकीच्या बरोबर मागं जागा आखली. मी दर हिवाळ्यात तिथं उन्हात बसून तूर निवडते. पौषात टाकीची सावली कुठवर येते, सुपडं किती वेळा सरकवावं लागतं, हे मला पक्कं माहीत. सूर्य दक्षिणेकडं कलतो आणि सावली अर्ध्या स्लॅबवर पसरते. चारही पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकाचा करंट दबला की माळेचा दबतो. पॅनलात बायपास डायोड असतात, ते सावलीतला भाग वगळून करंट पुढं नेतात, तरी नुकसान व्हायचं ते होतंच. मी जागा पूर्वेकडं सरकवायला लावली. तुमच्या घरी कोणी मोजायला आलं तर महिना कोणता आहे ते लक्षात घ्या आणि हिवाळ्यातली सावली तुम्ही स्वतः सांगा. ती त्या माणसाला दिसत नसते.

कागदपत्रांत महिना गेला, आणि तो आमच्याच घरच्या कारणानं. लाईटचं बिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर होतं, ते जाऊन अठरा वर्षं झाली. सबसिडी ज्याच्या नावावर मीटर त्याच्याच खात्यात येते. मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, सगळ्यांची संमती, मग मामाजींच्या नावावर मीटर, मग पोर्टलवर अर्ज. खेड्यात निम्म्या घरांची बिलं अशीच आजोबा-पणजोबांच्या नावावर असतील. सोलर घ्यायचं नक्की नसलं तरी हे काम आजच करून ठेवा. पैशाचं म्हणाल तर योजनेत बँकेचं कर्ज मिळतं, पण आम्ही कापसाचे आलेले थोडे आणि माझ्या बचत गटातून ५०,००० उचलून भागवलं. मीटर बसून फोटो पोर्टलवर चढले, त्यानंतर सव्वीस दिवसांनी ६०,००० रुपये मामाजींच्या खात्यात जमा झाले आणि गटाचे पैसे फिटले.

आता हे चालतं कसं, ते मला जसं समजलं तसं सांगते. काचेखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. उजेड पडला की त्यांच्यातून वीज वाहू लागते. ती डीसी असते, बॅटरीसारखी एकाच दिशेनं जाणारी. घरातली वीज एसी, सेकंदाला पन्नास फेरे घेणारी. भिंतीवरचा इन्व्हर्टर डीसीची एसी करतो आणि खांबावरून येणाऱ्या विजेच्या तालाशी आपला ताल जुळवून तिच्यात मिसळतो. घरात लागेल तेवढी वीज घर घेतं. उरलेली उलट तारेनं खांबाकडं जाते आणि शेजारच्या घरात जळते. नेट मीटर दोन्ही मोजतो, घेतलेली वेगळी आणि दिलेली वेगळी. महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते.

हे ऐकून सोपं वाटतं. पण "खांबावरच्या विजेशी ताल जुळवून" या चार शब्दांत काय काय भरलेलं आहे, ते आम्हाला दोन धक्के बसल्यावर कळलं.

पहिला धक्का पाचव्याच दिवशी. सकाळी अकराला लाईन गेली. ऊन लख्ख. मी मशीनवर बसलेली, मशीन थांबलं. मला वाटलं आता सोलरवर सुरू होईल. पंखाही हलला नाही. मामाजी ओसरीतून आत आले, वर बोट करून म्हणाले, "ऊन तापून राहिलं, वर पाट्या चमकून राहिल्या, अन् घरात पंखा बंद. मंग लाख रुपये कायले लावले आपण?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. विक्रेत्यानं हे एका शब्दानं सांगितलेलं नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं.

उत्तर दिलं ते आमच्या गावच्या लाईनमननं. म्हणाला, "ताई, लाईन बंद करून मी खांबावर चढतो. तुमचं सोलर चालूच राहिलं तर खालून तार जिवंत होईल. मी वर हात लावला की गेलो." म्हणून असा इन्व्हर्टर लाईन गेल्याबरोबर स्वतः बंद होतो, आणि तो तसा व्हायलाच पाहिजे. त्याला ऑन-ग्रिड म्हणतात. लाईन गेल्यावरही चालणारं हवं असेल तर बॅटरीचं, हायब्रिड घ्यावं लागतं. त्याची किंमत बरीच जास्त आणि बॅटरी काही वर्षांनी बदलायची. आम्ही घरचा जुना बॅटरीचा इन्व्हर्टर तसाच ठेवला आहे, दोन पंखे आणि दिवे त्याच्यावर चालतात. ज्यांच्या गावात दिवसा तासन् तास लाईन नसते त्यांनी हा विचार आधी करावा. तुमची लाईन बंद तेवढा वेळ सोलरही बंद, आणि त्या वेळचं ऊन वाया.

दुसरा धक्का हळूहळू बसला, आणि जास्त नुकसान त्यानंच केलं.

डिसेंबरात मुलानं मोबाईलवरचा ॲप दाखवला. सकाळी साडेसातपासून रेघ छान चढत जायची, डोंगरासारखी. अकराच्या सुमारास एकदम शून्यावर पडायची. पाच मिनिटांनी पुन्हा वर, पुन्हा शून्य. दोनपर्यंत अशीच करवतीच्या दातांसारखी, मग पुन्हा नीट. म्हणजे ऊन सगळ्यात चांगलं असतं नेमकं तेव्हाच बंद. विक्रेत्याच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला ढग आले असतील. डिसेंबरातल्या निरभ्र आभाळात ढग! मी वहीत वेळ लिहायला सुरुवात केली. ११:०५ बंद, ११:११ चालू, ११:२४ बंद. एका दिवसात एकोणीस वेळा. जिथं सात-आठ युनिट यायला हवे तिथं साडेपाच यायचे. चौथ्या फोननंतर माणूस आला, इन्व्हर्टरच्या पडद्यावरची चूक वाचली: ग्रिडचं व्होल्टेज जास्त. म्हणाला, मग हा तुमच्या लाईनचा दोष, आमचा नाही. आणि गेला.

तो तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलला नाही. पण पुढचं पाऊल त्यानं सांगायला हवं होतं. तेही लाईनमननंच सांगितलं. त्यानं मीटर लावून पाहिलं. डीपीजवळच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या, खांबावर २४१ व्होल्ट, आणि आमच्या इन्व्हर्टरपाशी २६८. एकाच तारेच्या दोन टोकांना एवढा फरक. मग तो शिडी लावून आमच्या खांबावर चढला आणि न्यूट्रलचा जोड मला खालूनच दाखवला. नुसता पीळ देऊन बांधलेली तार, जळून काळी पडलेली, बोट लावलं तर हलत होती. तिथून आमच्या घरापर्यंत चाळीस मीटर जुनी बारीक ॲल्युमिनियमची वायर, मध्ये दोन ठिकाणी जोड. मामाजी सांगतात ती घर बांधलं तेव्हाची.

मला ते असं समजलं. ओलिताच्या वेळी पाट अरुंद असेल आणि मागून पाणी जोरात सोडलं, तर पाण्याची पातळी तोंडापाशी चढते आणि बांध फुटतो. पुढं वावर कोरडंच असतं. इन्व्हर्टरला वीज खांबाकडं ढकलायची तर त्याला आपलं व्होल्टेज खांबापेक्षा थोडं वर न्यावं लागतं. वायर बारीक, जोड सैल, म्हणजे अडथळा जास्त. जितकं ऊन जास्त तितकी वीज जास्त, तितकं व्होल्टेज वर, आणि ठरलेली हद्द ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद पडतो. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सगळं ठीक, आणि भर बाराला बंद.

१८ जानेवारीला नवी जाड केबल ओढली, जोड साफ करून क्लॅम्पनं कसले. खर्च ३,४०० रुपये, आमच्या खिशातून. लाईनमननं चहा घेतला, दुसरं काही घेतलं नाही. त्या दिवशी दुपारी बाराला इन्व्हर्टरवर २४४ व्होल्ट दिसले. रेघ डोंगरासारखी चढली आणि तशीच उतरली. मी शिवणकाम सोडून पुन्हा पुन्हा मोबाईल पाहत होते.

डिसेंबरचे एकूण १७० युनिट, जानेवारीचे २००. फेब्रुवारी महिन्याचे दिवस कमी, तरी २६५. फरक त्या चाळीस मीटरचा होता. पॅनलची कंपनी कोणती, प्रकार कोणता, मोनो की टॉपकॉन, यावर लोक तासभर बोलतात. माझ्या घरात ह्या सगळ्यापेक्षा त्या एका काळ्या पडलेल्या जोडानं जास्त वीज खाल्ली.

आता महिन्यांचं सांगते, कारण आपल्या भागात लोकांचा एक पक्का गैरसमज आहे. जितकं ऊन तापेल तितकी वीज जास्त. नवतपात, मेअखेरच्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, मीटर धावेल. तसं होत नाही. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता त्याला मारक असते. त्याच्यावर लिहिलेले ५४० वॅट हे सेल २५ अंशांवर असताना मोजलेले आहेत. त्यावर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. मे महिन्यात हवाच ४५ अंश, काचेखाली सेल सत्तरच्या जवळ जातो. मार्चमध्ये भर दुपारी ॲपवर १,८०० वॅट दिसायचे, नवतपात त्याच वेळी १,६२०. पॅनलच्या खालच्या बाजूला मी एकदा हात लावला, तव्यासारखा चटका बसला. उंच सांगाड्याचा इथंही उपयोग झाला असणार, खालून वारा खेळतो. माझ्या वहीत सगळ्यात चांगला महिना मार्च, ३१० युनिट. एप्रिल ३०५, दिवस मोठा असूनही मे २९०. जून २३०. जुलै १६५, ऑगस्ट १७०. झडीत तर एक दिवस फक्त १.१ युनिट आला. सप्टेंबर २०५, ऑक्टोबर २६०, नोव्हेंबर २५०. डिसेंबरपासून बारा महिन्यांची बेरीज २,८२०.

वापर जवळपास आदल्या वर्षाइतकाच. म्हणजे वर्षभराचं पाहिलं तर आम्ही वापरली त्यापेक्षा जास्त वीज तयार केली. मग बिल शून्य? नाही. आणि हे विदर्भातल्या माणसानं नीट समजून घ्यायला हवं.

तुम्ही दिलेले जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण हिशेबाचं वर्ष आर्थिक वर्ष असतं. ३१ मार्चला खातं मिटतं, उरलेल्या युनिटांचे पैसे ठरलेल्या कमी दरानं जमा होतात आणि एप्रिलला पुन्हा शून्यापासून. आमचे हिवाळ्यात साठलेले, मार्चअखेर ३१५ युनिट होते. आणि आपल्याकडं कुलर खऱ्या अर्थानं कधी सुरू होतो? एप्रिलमध्ये. एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत आम्हाला मिळून २७२ युनिट कमी पडले, ते विकत घ्यावे लागले. मार्चमध्ये मिटलेल्या ३१५ युनिटांत ते सगळे बसले असते. नियम सगळ्या राज्याला एकच आहे, पण उन्हाळा सगळ्यांचा सारखा नसतो. आधी कळलं असतं तर मी फेब्रुवारी-मार्चमध्ये गॅस वाचवून इंडक्शनवर स्वयंपाक केला असता. या वर्षी तसंच करणार आहे, इंडक्शन आणून ठेवलं आहे.

तरीही पैशाचा हिशेब उत्तमच आहे. मे २०२५ चं बिल ७१० रुपये, आदल्या वर्षी त्याच महिन्याचं ४,८००. विकत घेतलेले युनिट थोडे असल्यामुळं ते पहिल्या स्वस्त टप्प्यातच बसतात, महागाचे टप्पे लागतच नाहीत. खरी बचत तिथं आहे. स्थिर आकार मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो, म्हणून शून्य युनिटच्या महिन्यातही दीडशेच्या आसपास बिल येतं. आदल्या वर्षी एकूण २८,८०० भरले होते, या वर्षी ३,७०० च्या आत. सबसिडी जाऊन आणि केबल धरून आमचे ८३,४०० लागले. साडेतीन वर्षांच्या आत वसूल होतील. पॅनलच्या कामगिरीची हमी पंचवीस वर्षांची आहे, इन्व्हर्टरची आमच्याकडं आठ वर्षांची.

देखभालीत सगळ्यात मोठं काम धुळीचं. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि पुढं पऱ्हाटी पेटवतात तेव्हा काचेवर काळसर थर बसतो, त्यावर दव पडलं की चिकटतो. पंधरा दिवसांनी लांब दांडीच्या वायपरनं पुसते, उजाडायच्या आत. तापलेल्या काचेवर दुपारी थंड पाणी टाकू नका, काच तडकू शकते. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, वाळलं की पांढरे डाग राहतात, म्हणून धुऊन लगेच कोरडं पुसावं लागतं. पुसल्यावर दिवसाला अर्धा-पाऊण युनिट वाढलेला वहीत स्पष्ट दिसतो.

आणि वानरं. शेजारच्या कडुनिंबावरून टोळी येते. काचेवर उड्या मारल्या तरी काचेला काही झालं नाही, पण ऑगस्टात एका वानरानं खाली लोंबणारी वायर ओढून जोड उपसला. ऊन असून ॲपवर शून्य. विक्रेत्यानं पाच वर्षांची देखभाल लिहून दिली आहे, तरी माणूस यायला सहा दिवस लागले. तेव्हा मुलगा म्हणाला, मीच जोडतो, नुसता प्लग तर आहे. मी त्याला वर जाऊ दिलं नाही. उजेड आहे तोवर पॅनल जिवंत असतात. खालचा मेन बंद केला तरी वरच्या वायरीत दोनशे व्होल्टच्या जवळ डीसी असते. आता सगळ्या वायरी पाइपात घेतल्या आहेत. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं, तुम्ही काम घेतानाच सांगून ठेवा. अर्थिंगचे तीन खड्डे, आभाळातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक वेगळा, हेही समोर उभं राहून करून घ्या.

सांगाड्याबद्दल मात्र विक्रेत्याला पूर्ण मार्क देईन. मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं, समोरच्या गोठ्याची टिनं उडून रस्त्यावर पडली. आम्ही सगळे आत देवाचं नाव घेत बसलो होतो. आठ फुटांवरचे पॅनल जागचे हलले नाहीत. काँक्रीटचे ठोकळे, गॅल्व्हनाइज्ड पाइप, एकही बोल्ट सैल झाला नाही, आणि स्लॅबला छेद नसल्यामुळं पावसाळ्यात गळतीही नाही. काम चांगलं, सामान चांगलं, विकल्यानंतरची सेवा कच्ची. पाचपैकी तीन त्यांना, आणि सोलरला साडेचार. अर्धा मार्क त्या मार्चअखेरीसाठी कापला.

माझी धाकटी नणंद वणीजवळच्या गावात असते. दिवाळीत येऊन पाहून गेली, तिलाही घ्यायचं आहे. मी तिला सांगितलं, आधी एक आठवडा रोज दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला घरातलं व्होल्टेज पाहून लिहून ठेव. दोनशे रुपयांचा प्लगमध्ये लावायचा मीटर मिळतो. लाईन किती वेळ जाते तेही लिही. काल तिचा फोन आला. दुपारी २५९, संध्याकाळी कुलर नाही, मोटर नाही तरी १८४, आणि वायर सासऱ्यांच्या काळातली.

"मंग वहिनी, सोलरवाल्याले बोलावू का?" म्हणाली.

मी म्हटलं, "आधी लाईनमनले बोलाव."